वाट वाळली म्हणजे सोपी झाली काय?

गेल्या संक्रांतीनंतर आमच्या विश्रांतवाडीत एक पत्रक घरोघर वाटले गेले. ते काढणारी संस्था कोणती हे सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी पत्रके हल्ली पुण्याच्या प्रत्येक उपनगरात दरसाल निघतात आणि त्यांतील मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो. पावसाळा जाऊन बरेच दिवस झाले, वाटा कोरड्या झाल्या, निसरड्याचे भय आता उरले नाही, तेव्हा माघातल्या एखाद्या रविवारी सहकुटुंब गडदर्शनास यावे. सकाळी नऊ वाजता पायथ्याशी जमावे. पायांत कोणतेही पादत्राण चालेल. पाण्याचे ओझे बाळगू नये, वर सर्व काही विकत मिळते, असा त्याचा मथितार्थ. वाक्ये चारच होती. परंतु त्या चारांपैकी एकही वाक्य खरे नाही, आणि चारही वाक्ये मिळून एखाद्या कुटुंबास इस्पितळाची वाट दाखविण्यास पुरेशी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे पत्रक एखाद्या अडाणी माणसाने लिहिले असते तर त्याचा समाचार घेण्याचे कारण नव्हते. पण अडाणी माणूस असे लिहिणारच नाही. वेल्ह्याच्या बाजूचा गुराखी किंवा सिंहगडाखालच्या वाडीतली दह्याची मडकी डोक्यावर घेऊन चढणारी बाई, यांना माघात वाट कशी होते ते विचारून पाहावे. पत्रक लिहिणारे, छापणारे आणि ते वाचून मान डोलावणारे सगळे पदवीधर होते. ज्यांच्या दिवाणखान्यात शिवरायांची तसबीर आहे, ज्यांच्या मुलांना गडांची नावे धडाधड पाठ येतात, त्याच वर्गास गडाची वाट वर्षाच्या कोणत्या महिन्यात कशी वागते याचा पत्ता नसावा, ही गोष्ट आम्हांस साधी वाटत नाही.

या अज्ञानाचे मूळ शोधू गेल्यास ते शाळेतच सापडते. आम्हांस ऋतू तीन शिकविण्यात आले. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा. हिवाळा म्हणजे कार्तिकापासून होळीपर्यंतचा एकजिनसी सुखाचा काळ, असा समज त्यामुळे पक्का झाला. आमचे पंचांग मात्र इतके आळशी नव्हते. त्याने मार्गशीर्ष-पौषाचा हेमंत वेगळा काढला आणि माघ-फाल्गुनाचा शिशिर वेगळा. हा भेद कवींच्या सोयीसाठी केलेला नाही. हेमंतात सह्याद्रीच्या गवताच्या बुडाशी ओल असते, घळीतले झरे वाहत असतात, दुपारचे ऊन अंगावर घ्यावेसे वाटते. शिशिरात पाने झडतात, झरे आटतात आणि ऊन पालटते. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. मार्चच्या २१ तारखेस तो ७१ अंशांवर येतो. म्हणजे ज्या दोन-अडीच महिन्यांस आम्ही सरसकट ‘थंडी’ म्हणतो, त्यांत सूर्य जवळजवळ पाव आकाश वर चढून गेलेला असतो. पहाटे मात्र गारवा कायम. फेब्रुवारीत आमच्याकडे पहाटे तेरा-चौदा अंश आणि दुपारी एकतीस-बत्तीस, असा खेळ रोज चालतो. पहाटेच्या गारव्यावर भरवसा ठेवून घराबाहेर पडलेला मनुष्य दुपारच्या स्वाधीन होतो, तो असा.

दुसरे कारण आमच्या इंग्रजी वाचनात आहे, आणि ते सांगताना प्रस्तुत लेखकास संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचे उभे आयुष्य त्याच वाचनावर चालले आहे. डोंगर चढणे हा एक शिष्टसंमत छंद आहे, हे आम्ही युरोपाकडून शिकलो. लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ सालचा. लेस्ली स्टीफनचे आल्प्सवरील पुस्तक १८७१ सालचे. आमच्याकडील हिमालयन क्लब १९२८ सालचा. त्या वाङ्मयात हिवाळ्याची अखेर म्हणजे बर्फाची अखेर. रात्री गोठून कठीण झालेला बर्फाचा थर सकाळी पाय पेलतो, दुपारी तोच मऊ पडून माणसास कमरेपर्यंत गिळतो, उतारावरून बर्फाचे लोट सुटतात. म्हणून तिकडचा गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर कंदील घेऊन निघतो. हे आमच्या लोकांस तोंडपाठ आहे. आमच्याकडे बर्फ नाही, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस धोका नाही, असे अनुमान त्यांनी त्यावरून काढले असावे. तर्कशास्त्राच्या परीक्षेत अशा उत्तरास शून्य गुण मिळतात.

याचा परिणाम कधी कधी मोठा विनोदी होतो. पुण्यातली कितीतरी कुटुंबे हल्ली फेब्रुवारीत उत्तराखंडातील केदारकंठाचे बर्फ तुडवायला जातात. साडेबारा हजार फुटांचे ते शिखर. त्यासाठी दोन महिने आधीपासून टेकडीवर चालण्याचा सराव होतो, डॉक्टरांचा दाखला आणला जातो, तळास दातेरी पकड असलेले बूट विकत घेतले जातात, हातमोजे, कानटोपी, विजेरी, औषधांची पिशवी सारे यादीबरहुकूम भरले जाते. तीच मंडळी परत आल्यावर फाल्गुनातल्या रविवारी तोरण्यास निघतात ती चपला घालून, चौघांत पाण्याची एक बाटली घेऊन, आणि वाटेत न्याहारी आटोपून. तोरणा १,४०० मीटरांचा, म्हणजे केदारकंठाच्या निम्म्याहूनही ठेंगणा. म्हणून त्याला निम्म्याहूनही कमी मान! उंचीवरून धोक्याचे माप घेणारी ही दृष्टी कपड्यावरून माणसाची किंमत करणाऱ्या दृष्टीचीच सख्खी बहीण आहे.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. पावसाळी वाट निसरडी असते हे कोण नाकारतो? पण ती उघडपणे निसरडी असते. चिखल दिसतो, शेवाळ दिसते, आणि भित्रा-धीट प्रत्येक जण आपोआप जपून पाऊल टाकतो. शिवाय ओल्या मातीत एक भलेपणा आहे. ती टाच आत घेते. माघातली वाट पायाला आत घेत नाही. पावसाने वरची माती धुऊन नेलेली असते, उघडा पडलेला मुरूम चार महिन्यांच्या उन्हाने सुटा होतो आणि खालच्या टणक जमिनीवर त्याचे खडे मोहरी सांडावी तसे पसरतात. पाय टेकला असे वाटते न वाटते तोच ते घरंगळू लागतात. डोंगरात हिंडणारे लोक यास घसारा म्हणतात. आतकरवाडीहून सिंहगडावर जाणारी वाट चांगली रुळलेली आहे, म्हणून ती सुरक्षित, असे पुष्कळांस वाटते. वास्तविक रविवारच्या हजारो पावलांनी तिच्यावरचा मुरूम अधिकच मोकळा होतो, आणि फाल्गुनात तिची काही वळणे एखाद्या अनोळखी रानवाटेपेक्षा वाईट झालेली असतात.

घसारा निदान दिसतो तरी. गवत त्याहून कपटी. भाद्रपदात कमरेइतके वाढलेले गवत माघात पिवळे पडून उताराच्या दिशेने आडवे होते, जणू कोणी फणी घेऊन विंचरले आहे. दिसायला ते गादीसारखे मऊ. त्याच्या खाली दगड आहे, खळगा आहे की काहीच नाही, हे कळत नाही. आणि त्यावर गुळगुळीत तळाचे पादत्राण ठेवणे म्हणजे घसरगुंडीवर उभे राहणे होय. घसरणारा मनुष्य आधारासाठी हात लांबवतो आणि हाताला येते ती कारवी. पावसाळ्यात ती हिरवी असते, वाकते, पण सहसा दगा देत नाही. वाळलेल्या कारवीची काडी कट्‌कन मोडते आणि हातात राहते. तीच गत दगडांची. ज्या मातीने धोंडा धरून ठेवलेला असतो ती माती वाळून आकसते, धोंडा आपल्या खोबणीत सैल होतो, आणि पावसाळ्यात ज्याला लोंबकळून शंभर माणसे चढली तो माघात पहिल्याच हिसक्याला निघून येतो. जाणता वाटाड्या दगडाला हात घालण्यापूर्वी तो हलवून पाहतो आणि खालच्यांना हाक देऊन ठेवतो. अंगावर दगड आल्यावर घातलेली हाक उपयोगाची नसते.

हे सारे चढताना निभावते. खरी परीक्षा उतरताना होते. घाबरलेला मनुष्य उतारावर मागे रेलतो. त्यास वाटते की आपण दरीपासून दूर राहिलो. पण मागे रेलल्याने शरीराचा भार पावलावरून निघून टाचेच्या मागे जातो, टाच खड्यांवरून पुढे सरकते, आणि मनुष्य पाठीवर पडतो तो घसरतच जातो. गुडघे किंचित वाकवून, भार पावलांवर ठेवून, लहान लहान पावले टाकावी, ही साधी गोष्ट आहे. ती शिकायला पर्वतारोहणाची संस्था लागत नाही, एक दुपार पुरते. परंतु ‘कोणतेही पादत्राण चालेल’ असे छापणाऱ्यांनी ती दुपार कधी काढली असेल असे दिसत नाही.

वाट चुकण्याविषयीही असाच उलटा समज आहे. धुक्यात वाट चुकते आणि लख्ख उन्हात ती कशी चुकेल, असे विचारले जाते. धुके एक वाट झाकते. शिशिर दहा खोट्या वाटा उघड्या करतो. गवत वाळले, चरले गेले, कापले गेले की डोंगराच्या अंगावर आजवर लपलेल्या साऱ्या ढोरवाटा पांढऱ्या रेघांसारख्या दिसू लागतात. त्यांतली प्रत्येक गडाच्या वाटेइतकीच मळलेली असते, काही तर अधिक. कारण गुरे रोज जातात आणि आपण वर्षातून एकदा. त्या रेघा गुरांना हव्या तेथे, म्हणजे चाऱ्यापर्यंत, नेतात आणि एखाद्या कड्याच्या तोंडाशी विरून जातात. तेथून परत फिरण्यास जे बळ लागते ते नऊ वाजता निघालेल्यांच्या अंगात त्या वेळी उरलेले नसते.

त्या नऊच्या वेळेस तर आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. विश्रांतवाडी पुण्याच्या ईशान्य अंगास आणि सिंहगड नैर्ऋत्येस. सारे शहर ओलांडून पायथ्याशी पोहोचायचे म्हणून नऊची वेळ, असे समर्थन आम्ही ऐकले आहे. म्हणजे वेळ ठरवली ती झोपेने आणि रस्त्यावरील गर्दीने, डोंगराला विचारले नाही. नऊ वाजता जमलेली मंडळी चहा, छायाचित्र, उशिरा येणाऱ्यांची वाट पाहणे, हे सोपस्कार उरकून दहाला निघणार. सुमारे दोन हजार फुटांची चढण मुलाबाळांसह चढायला दोन तास. म्हणजे अंगावर ऊन, पायाखाली तापलेला काळा कातळ, आणि पानगळीने उघडी पडलेली झाडे, ज्यांची सावली चाळणीतून पडावी तशी पडते. कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो. पावसाळ्यात सदरा ओलाचिंब होतो म्हणून मनुष्य आपण घामाघूम झालो हे जाणतो. माघात अंग कोरडे राहते, आणि शरीरातले पाणी निघून चालले आहे याचा पत्ता तहानेलाही उशिरा लागतो. आधी डोके दुखते, मग पोटऱ्यांत गोळे येतात, मग भोवळ. घाम थांबला, कातडी तापली आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले की तो थकवा नव्हे, उष्माघात होय. आणि त्या वेळी सावली, अंगावर पाणी, वारा आणि लवकरात लवकर खाली नेणे, याखेरीज इलाज नाही. लहान मुले व साठीच्या पुढची माणसे या पायऱ्या आमच्यापेक्षा भरभर ओलांडतात. त्यांनाच सहकुटुंबाच्या नावाखाली दहा वाजता उन्हात उभे करावयाचे!

गंमत अशी की ज्यांच्या नावाने ही गडदर्शने निघतात त्यांनी हा ऋतू कसा वापरला हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचून विसरलो आहोत. तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीस. कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला तो ६ मार्च १६७३ रोजी, फाल्गुन वद्य त्रयोदशीच्या अंधारात. दोन्ही प्रसंग ऐन शिशिरातले, दोन्ही कृष्णपक्षातले, दोन्ही रात्रीचे. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, हे पंचांग पाहणाऱ्या कोणासही सांगता येईल. अंधार त्यांना शत्रूच्या पहाऱ्यासाठी हवा होता हे उघड आहे. पण त्याबरोबर रात्रीचा गारवाही मिळाला. सुटे दगड, मोडणारी काडी, वाळक्या पाल्याचा पायाखाली होणारा चरचराट, या साऱ्यांचा हिशेब केल्याखेरीज त्या ऋतूत त्या कड्याला कोणी हात लावला नसता. इतिहासाचा अभिमान धरणाऱ्यांनी त्या कड्याखाली उभे राहून जयघोष करावा, आमची हरकत नाही. परंतु जयघोषाची वेळ दुपारी बाराची असू नये.

किंबहुना गड हीच मुळी कोरड्या आठ महिन्यांची वस्तू आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन होई, फौजा बाहेर पडत, आणि वेढे बसत ते थंडीत व उन्हाळ्यात. पुरंदरास मोगलांचा वेढा पडला तो मार्च १६६५ च्या अखेरीस आणि तह झाला जूनमध्ये. सिद्दी जौहराने पन्हाळ्याचा वेढा मात्र १६६० साली भर पावसातही चालविला. पण अशी उदाहरणे थोडी, म्हणूनच ती लक्षात राहतात. गडाची कसोटी फाल्गुन-चैत्रात लागे, आणि ती तटाची नव्हे, पाण्याची. आम्ही मात्र गड पाहतो श्रावणात, जेव्हा प्रत्येक खळगा भरलेला असतो आणि पाणी हा प्रश्नच डोळ्यांपुढे येत नाही. ढग, धबधबे आणि हिरवळ पाहून परतणाऱ्यास गड पाहिल्याचे समाधान लाभते. वस्तुतः त्याने हवा पाहिलेली असते. शिशिरात डोंगरावर पाहण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्या रसिकांस आमचे हेच उत्तर आहे. पळस आणि पांगारा यांची फुले पाहावीत हे तर आहेच, निष्पर्ण काटेसावरीवरील लाल फुलांचे घोसही पाहावेत; पण त्याहून, गड कशावर जगत होता ते पाहावे. गवत बसल्यामुळे जोती, पायऱ्या, जुन्या वाटा आणि कातळातली टाकी या दिवसांत जशी उघडी दिसतात तशी वर्षात एरवी दिसत नाहीत.

टाक्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. सह्याद्रीचा खडक सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर बसलेला. त्याचा घट्ट थर पाणी पिऊन ठेवीत नाही. पडलेला पाऊस उतारावरून पळून जातो, आणि जो थोडा अंश भेगांतून व दोन थरांच्या सांध्यांतून मुरतो तोच झऱ्यांच्या रूपाने पुढले काही महिने पाझरतो. म्हणून ज्या डोंगरावर आषाढात पावसाचा कहर असतो त्याच डोंगरावर फाल्गुनात चुळीला पाणी नसते. हे ओळखून आमच्या पूर्वजांनी काय केले ते पाहा. कातळ फोडून टाकी काढली. पुष्कळ ठिकाणी आत खांब सोडून वरचा खडक छतासारखा ठेवला, म्हणजे ऊन आत शिरू नये आणि पाणी उडून जाऊ नये. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी, सिंहगडाचे देवटाके, राजगडाचा पद्मावती तलाव, रायगडाचा गंगासागर, ही नावे आपण ऐकतो. त्यांमागचा विचार मात्र रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर आधी खडक फोडून तळी-टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, जादा साठा करून ठेवावा आणि गडाचे पाणी फार जपावे, असा त्यातील उपदेश आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेला हा मजकूर. तटाच्या उंचीइतकेच, कदाचित थोडे अधिकच, वजन त्यात पाण्याला दिलेले आढळते.

त्या पाण्याचे आम्ही काय केले? पूर्वी गडावर जाणाऱ्याला टाक्याची गरज होती, म्हणून त्याला टाक्याची चाड होती. कोणते टाके माघापर्यंत टिकते, कोणते चैत्रापर्यंत, कोणत्याचे पाणी गाळून घ्यावे लागते, हे विचारल्याशिवाय तो निघत नसे. गुराखी आणि धनगर यांना तर अजूनही विचारल्याशिवाय चालत नाही. आता बाटलीतले पाणी गडावर पोहोचले. ज्याच्या खिशात वीस रुपये आहेत त्याला टाके आटले काय आणि राहिले काय, सारखेच झाले. गरज संपली तेथे चाड संपली, आणि चाड संपली तेथे कचरा सुरू झाला. तीच रिकामी बाटली आज टाक्यात तरंगताना दिसते. आम्ही पाणी विकणाऱ्या गरीब माणसास बोल लावीत नाही. तो डोक्यावरून ओझे वाहून आणतो, त्याच्या कष्टाची किंमत घेतो. बोल लावतो तो पाण्याचे ओझे बाळगू नका, असे छापील शहाणपण शिकविणाऱ्यांस. माघ-फाल्गुनात डोंगरात दिवस काढणाऱ्या धडधाकट माणसास तीन-चार लिटर पाणी लागते. ते त्याने आपल्या पाठीवर न्यावे आणि रिकामी भांडी त्याच पाठीवर परत आणावीत. पाणी जड असते, हे एकदा खांद्याला कळले म्हणजे टाके कोरणाऱ्यांविषयी व्याख्यान द्यावे लागत नाही. आणि वरची दुकाने त्या दिवशी बंद असली, किंवा राजगड-तोरण्याच्या मधल्या लांब सोंडेवर, जेथे दुकान नाही, तेथे दुपार झाली, तर पत्रक पिऊन तहान भागत नाही.

वणव्याविषयी लिहिताना हात संतापाने थरथरतो. वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो, आणि त्या सुमारास रात्री पुण्याहून निघालेल्या वाटसरूस डोंगरांवर तांबड्या माळा दिसू लागतात. आपोआप लागणारी आग आमच्या रानात विरळा. ती माणूस लावतो. जाळले म्हणजे पुढल्या वर्षी गवत चांगले येते, असा खेड्यांत समज आहे. त्यावर शहरी लोक तुटून पडतात, आणि समज चुकीचा आहेही. उघड्या पडलेल्या उताराची माती पहिल्या पावसात वाहून जाते, रोपे मरतात, भुईवर घरटी करणारी पाखरे अंड्यांसह जळतात. पण खेडुतास निदान एक कारण असते, चुकीचे का होईना. गडावर चूल पेटवून ती तशीच सोडून येणाऱ्या, विडी-सिगारेटचे थोटूक वाळल्या गवतात फेकणाऱ्या सुशिक्षितास कोणते कारण आहे? १९२७ च्या वनकायद्याने राखीव रानात आग लावणे हा गुन्हा ठरविला आहे. पण ज्याला कायदा ठाऊक आहे तोच तो मोडतो आणि पुन्हा खेडुताकडे बोट दाखवितो. वणव्यात सापडल्यास काय करावे हेही आमच्या पत्रककारांस ठाऊक नसावे. आग चढावर वेगाने धावते, कारण वरचे गवत ज्वाळेने आधीच तापलेले असते. म्हणून तिच्यापुढे वर पळू नये. मोकळा कातळ किंवा आधीच जळून गेलेला पट्टा गाठावा. कड्यांवरील आग्या मोहोळांची कथा निराळी नाही. धूर, उग्र अत्तरे आणि आरडाओरडा या तीन गोष्टी त्यांस खपत नाहीत, आणि शहरातून येणारी टोळी नेमक्या याच तीन गोष्टी बरोबर घेऊन येते.

आता आक्षेपकांकडे वळू. ते म्हणतील, इतके धोके आहेत तर वाटेला कठडे बसवा, सिमेंटच्या पायऱ्या करा, रज्जुमार्ग उभारा, म्हणजे घसाराही नाही आणि तहानही नाही. रायगडावर रज्जुमार्ग १९९६ पासून चालू आहे. राजगड आणि सिंहगड यांच्यासाठीही तशा योजना पुढे आल्या आहेत. वृद्धांना, अपंगांना गड पाहता यावा याला आमचा मुळीच विरोध नाही; रायगडी पाळण्यातून उतरणाऱ्या आजीबाईंच्या डोळ्यांतले पाणी ज्याने पाहिले आहे तो असा विरोध करणार नाही. पण येथे युक्तिवाद वेगळाच चालला आहे. धडधाकट माणसाने वाट शिकू नये, यासाठी वाटच नाहीशी करावी, असे हे म्हणणे आहे. पोहता येत नाही म्हणून नदी बुजवावी, त्यातलाच हा प्रकार. शिवाय सिमेंटच्या पायरीवरही मुरूम पसरतो, आणि टणक पायरीवरचा मुरूम मातीवरच्या मुरुमापेक्षा जोरात फेकतो, हा साधा अनुभव आहे. जेथे कडा सरळ तुटला आहे तेथे एखादी साखळी, एखादा कठडा अवश्य असावा. पूर्वीही अवघड जागी खोबण्या कोरलेल्या होत्याच. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतील जिंजी. तेव्हा पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. त्या नोंदीत शब्द आहे तो लष्करी भूप्रदेशाचा, सुट्या इमारतींचा नव्हे. भूप्रदेशात वाट येते, रान येते आणि पाणीही येते. वाट सिमेंटात पुरली, रान जाळले आणि टाके कचऱ्याने भरले, तर उरलेल्या बुरुजांना वारसा म्हणून मिरविण्यात काय हशील?

पत्रककार पुढल्या माघात पुन्हा पत्रक काढतील, आणि त्यांनी ते काढावेच. चालणारी माणसे वाढावीत अशीच आमची इच्छा आहे. फक्त मजकूर बदलावा. पायथ्याशी जमण्याची वेळ पहाटे साडेपाच लिहावी आणि अकराच्या आत खाली उतरण्याचा बेत ठेवावा. माणशी तीन लिटर पाणी नसेल त्यास पायथ्यावरूनच परत पाठवावे, मग तो कार्यवाहांचा मेहुणा का असेना. पायथ्याच्या वाडीतला एखादा वाटाड्या मजुरी ठरवून बरोबर घ्यावा आणि त्याला शेवटी न चालवता पुढे चालवावे. आणि जयघोषाला आलेल्या त्या पन्नास हातांपैकी दहा हातांत घमेली द्यावीत. उघडी, हंगामी टाकी माघअखेर कोरडी पडतात. तळाचा गाळ भुसभुशीत असतो, उन्हाळ्याचा कडाका सुरू झालेला नसतो आणि वळवाला अजून अवकाश असतो. गाळ काढायला याहून चांगली वेळ वर्षात नाही. जिवंत टाक्यांना मात्र त्या दिवसांत हात लावू नये, त्यांवर गुरे आणि वानरे जगत असतात. गड संरक्षित असल्यामुळे पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, गाळात एखादी वस्तू सापडली तर ती जागची हलवू नये. परवानगीचा अर्ज दिवाळी संपताच द्यावा. सरकारी कचेरीतून कागद फिरून यायला एक ऋतू सहज लागतो.